वर गेलेला हात

सकाळी दूध घेऊन येताना हजेरी चौकीपाशी थांबलो. सफाई कामगारांची सभा चालू होती. महापालिकेच्या निवडणुकीत युनियनने कुणाला पाठिंबा द्यायचा, ते ठरत होतं. पुढाऱ्यांनी एका उमेदवाराचं नाव पुकारलं, हात वर झाले. मी ते मोजू लागलो आणि आमची गल्ली झाडणाऱ्या सुमनताईंच्या हातापाशी अडखळलो. त्यांचा सख्खा भाचा त्याच उमेदवाराच्या विरोधात उभा आहे.

"सुमे, दिवाळीला बहिणीकडं आता कुठल्या तोंडानं जाशील गं?" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

"जाईन की. भाचा कंत्राटदाराच्या गाडीतून फिरतोय. मला नोकरीत कायम व्हायचंय."

मी मत देतो ते आडोशाला, बटण दाबून. घरातही सांगत नाही. नोकरी कायमची असली की मत गुप्त ठेवणं सोपं जातं. आपल्या माणसाविरुद्ध चारचौघांत हात वर करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

सुमनताईंनी पुढाऱ्यांना विचारलं, "दादा, निवडून आल्यावर हा तरी आपल्याला ओळखेल ना?"

पुढारी म्हणाले, "खरं सांगू ताई? खात्री नाही."

हसणं थांबलं. दोनचार हात खाली आले. सुमनताईंचा आला नाही.