मागाचा विडा

गुरम्माशी वाद घालायचा असेल तर घरून जेवून निघावं, असं सावरहाळीत सगळेच म्हणतात, आणि गुरम्मालाही ते ठाऊक आहे. तिला त्याचा राग येत नाही. उलट कुणी न भांडता तिच्या दारावरून गेलं, तर त्या माणसाची तब्येत बरी नाही की काय, अशी तिला काळजी लागते. उदगीरहून देगलूरकडं जाताना आत वळलं की हे गाव. अर्ध्या सुना कानडी मुलखातून आलेल्या, अर्धे पाव्हणे तेलुगू बोलणारे, आणि या सगळ्यांना एकाच मराठीत झापणारी गुरम्मा. अंगानं बुटकी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि चाल अशी की बरोबर चालणाऱ्यानं धापा टाकाव्यात.

तिचा नवरा माणिकप्पा घोंगड्या विणतो. घरातच खड्डा खणून त्यावर माग बसवलेला आहे. खड्ड्यात पाय सोडून तो बसला की जमिनीवर कमरेच्या वरचा तेवढा माणिकप्पा दिसतो. ‘आमच्या घरी अर्धाच माणूस ऱ्हातो,’ असं गुरम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. माणिकप्पा ऐकतो, हसत नाही आणि धोटा फेकत राहतो. तो मुळातच कमी बोलतो. एका घरात बोलणाऱ्यांची गरज किती असते, हे त्यानं लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं.

आता खरं काम कोण करतं ते बघा. धनगराकडून लोकर आली की ती निवडायची, पिंजायची, सूत कातायचं, उभ्या धाग्यांचा ताणा धरायचा, आणि मग त्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, हे सगळं गुरम्माकडं. मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर मागावर चढेपर्यंतचा सगळा रस्ता तिचा. तिथून पुढं माणिकप्पा. पण घोंगडी विकायला काढली की लोक म्हणायचे, ‘माणिकप्पाची घोंगडी हाय, पाऊस आत जायचा न्हाई.’ पाऊस आत जात नाही तो घट्ट कातलेल्या सुतामुळं, हे गुरम्मा मनात म्हणायची. मनात म्हणायची म्हणजे एवढं मोठ्यानं, की दोन घरं पलीकडं ऐकू जावं.

दर माघात गावात सिद्धेश्वराची जत्रा भरते. मधल्या काळात ती अगदी बेचव झाली होती. बाहेरून ऑर्केस्ट्रा यायचा, कर्ण्यांनी कान किटायचे आणि माणसं उदगीरच्या दुकानातला प्लास्टिकचा माल घेऊन घरी जायची. मग सिद्धराम जत्रेचा प्रमुख झाला. हा बियाण्याच्या दुकानात बसणारा माणूस, बोलायला मऊ पण हेकट. त्यानं ऑर्केस्ट्रा बंद केला आणि सांगितलं, जत्रेचे पाच दिवस गावातल्या हातांनी चौकात बसून काम करायचं. आणि दाखवण्यापुरतं काम चालायचं नाही. जे हाती घेतलं ते जत्रेतच पुरं व्हायला पाहिजे, आणि गावाच्या उपयोगाला गेलं पाहिजे. सटवाजी कुंभाराच्या घागरी पाणपोईवर जातात, लोहार खरेखुरे विळे शेवटून, म्हणजे नवी धार काढून देतो, चतुराबाईची वाकळ गावातल्या त्या साली बाळंत झालेल्या बाईला मिळते. आणि माणिकप्पाच्या मागावरचं घोंगडं पालखीत देवाच्या खाली अंथरलं जातं. तेव्हापासून जत्रेला पुन्हा चव आली. शेजारच्या गावचे लोकही आपले बोथट विळे घेऊन येऊ लागले.

पाचव्या दिवशी पालखी उठायच्या आधी विडे दिले जातात. ज्याचा माग, ज्याचं चाक, ज्याची भट्टी, त्यानं उठून सगळ्यांसमोर सांगायचं की काम कुणाच्या हातचं. मग त्या नावाचा पुकारा होतो आणि सिद्धराम स्वतः त्या हातावर विडा ठेवतो. एका कामाला एक विडा. मागाचा विडा दर साली माणिकप्पाला मिळायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गुरम्मालाही नव्हतं.

वाटलं ते गेल्या साली, वाकळ पहिल्यांदा चौकात आली तेव्हा. चतुराबाई उठली, पदर खोचला, आणि ‘माझ्या हातचं काम, चतुराबाईच्या!’ असं म्हणून विडा घेऊन आली. चतुराबाई म्हणजे गुरम्माची शेजारीण आणि जिवाभावाची मैत्रीण. मैत्रिणीला मिळालं म्हणून गुरम्माला आनंद झाला, आणि त्याच क्षणी हेवाही वाटला. दोन्ही खरं होतं. चौकात आपलंही नाव एकदा घेतलं जावं, ही इच्छा तिथं तिच्या मनात शिरली आणि वर्षभर काही केल्या निघाली नाही.

या साली ताणा धरायच्या आदल्या दिवशी तिनं भाकरी वाढता वाढता विषय काढला.

“औंदा मागाचा विडा माझ्या नावाचा.”

माणिकप्पानं घास थांबवला. “मागाला बाईचं नाव कुठं असतंय? माग गड्याचा.”

“चतुराबाईला कसा भेटला मग?”

“वाकळंचं काम बायांचंच हाय. त्यात गडी हाय का कोण?”

“आन् घोंगड्याच्या कामात बाई हाय का न्हाई?”

“हाय की. मदतीला हाय.”

मदतीला! माणिकप्पानं आयुष्यात फार कमी शब्द वापरले, पण त्यातला हा एक त्यानं वापरायला नको होता. गुरम्मानं वाढायला घेतलेली भाकरी परत टोपल्यात ठेवली. ते बघूनच त्यानं सावध व्हायला हवं होतं, पण गडी बेसनात भाकरी कालवत राहिला.

“बरं,” ती म्हणाली. “उद्याच्याला मी मदत करीत न्हाई. खळ तुमी लावा.”

“लावतो की. खळ लावायला काय लागतंय?”

दुसऱ्या दिवशी जत्रेला सुरुवात झाली. चौकात बेलाच्या झाडापाशी मागासाठी खड्डा खणलेला होता आणि समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा ताणा ताणून बांधलेला. एरवी तो घरूनच खळ लागून यायचा, यंदा कोरडाच आला होता. माणिकप्पा खळीचं भगुणं आणि कुंचा घेऊन आला. गुरम्मा देवळाच्या ओट्यावर, चतुराबाईच्या शेजारी, हाताची घडी घालून बसली. एवढ्या वर्षांत तिला चौकात रिकाम्या हातांनी बसलेली कुणी पाहिली नव्हती. त्यामुळं पहिली गर्दी ताण्यापेक्षा तिच्याभोवतीच जमली.

खळीचं काम दिसायला सोपं. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून त्याची पेज करायची आणि कुंच्यानं सुताला लावायची. वाळली की सूत ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. पण ती पातळ हवी, कुंचा एकाच दिशेनं ओढायला हवा, आणि लावता लावताच धागा धाग्यापासून मोकळा करायला हवा. माणिकप्पानं आयुष्यभर खळ लावलेलं सूत हातात घेतलं होतं. लावताना मात्र त्यानं कधी मान वर करून बघितलं नव्हतं, कारण तेवढ्या वेळात त्याचा चहा व्हायचा.

त्यानं खळ पिठल्यासारखी दाट केली होती. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगली, असा त्याचा साधा हिशेब. कुंचा भरून त्यानं जोरात फिरवला, मग उलट फिरवला, मग राहिलं म्हणून पुन्हा फिरवला. धागे एकमेकांना चिकटायला लागले. तो सोडवायला गेला तर बोटंही चिकटली. वर माघाचं कोरडं ऊन आणि वारा. बघता बघता ताण्याची मधली पट्टी वाळून चामड्याच्या वादीसारखी होऊ लागली.

“माणिकप्पा, घोंगडं विणून ऱ्हायला का पापड लाटून ऱ्हायला?” सटवाजीनं चाकावरूनच विचारलं, आणि चौक हसला.

माणिकप्पाचे कान लाल झाले. त्यानं ओट्याकडं एकदाच बघितलं. हाक मारली नाही, खूणही केली नाही. फक्त बघितलं, आणि पुन्हा त्या चिकटलेल्या धाग्यांत नखं घालू लागला.

“चांगली जिरली,” चतुराबाई म्हणाली. “बस तू. उठू नगंस.”

गुरम्मालाही बसायचंच होतं. पण नखं घातल्यावर सुताचा बारीक तुटका आवाज होतो, तो तिला एवढ्या गलक्यातही ऐकू येत होता. ते सूत तिनं दिवाळीपासून कातलं होतं. ते देवाखाली जायचं होतं. आणि तो म्हातारा, ज्याची जिरावी म्हणून ती बसली होती, त्याची जिरलेली तिला बघवत नव्हती. भांडण करणं वेगळं आणि माणसाला चौकात उघडं पडू देणं वेगळं. ती उठली.

“हटा तिकडं!” ती खाली उतरता उतरता ओरडली. “पाणी आणा. कोमट. कढत नगं!”

माणिकप्पा पाण्याला धावला. तिनं खळ पातळ केली, बोटावरून ओघळू दिली, मान हलवली, आणखी पाणी मागितलं. मग ओलं फडकं फिरवून वाळलेली पट्टी मऊ केली, एकेक धागा सुटा केला आणि कुंचा घेतला. या टोकापासून निघाली ती त्या टोकाला गेली, वळली, परत आली. एका हातानं कुंचा, दुसऱ्या हाताची बोटं धाग्यांतून फिरत होती. तोंड चालूच होतं. सटवाजीला त्याच्या वाकड्या घागरीवरून सुनावून झालं, सावली पाडणाऱ्यांना हाकललं, सिद्धरामाला तोरणं ताण्यावर बांधली म्हणून झापलं. पण हात चुकत नव्हता. गावानं घोंगडं विणताना दर साली बघितलं होतं. खळ मात्र ती आपल्या गल्लीत उजाडायच्या आत लावायची, म्हणून ती कुणीच नीट बघितली नव्हती. हळूहळू हसणं थांबलं आणि माणसं नुसती बघत उभी राहिली.

माणिकप्पाही बघत होता. भगुणं धरून तो तिच्या मागं मागं चालत होता. ती म्हणाली पुढं, की पुढं. ती म्हणाली थांबा, की थांब. ऊन कलायच्या आत ताणा वाळून सरळ, मोकळा झाला. कुंचा धुऊन ती घरी गेली आणि विड्याचं नाव तिनं काढलं नाही. मागून घ्यायचा मान तिला नको होता, आणि अडवून घ्यायचा तर त्याहून नको होता. पुढचे दिवस माणिकप्पा विणत राहिला. घोंगडं असं उतरलं की चतुराबाईनंही हात फिरवून बघितला आणि एकही खोड काढली नाही, म्हणजे बघा.

पाचव्या दिवशी पालखीपुढं माणसं दाटून बसली. सटवाजी उठला, लोहार उठला, चतुराबाईनं तर नाव सांगून वर एक गिरकीही घेतली. सिद्धराम म्हणाला, “मागाचं काम. कुणाच्या हातचं?”

माणिकप्पा उठला. घोंगडं त्याच्या दोन्ही हातांवर होतं.

बायांत बसलेल्या गुरम्मानं जमिनीकडं बघितलं. तिनं मनाची तयारी केली होती. यंदाही ‘माझ्या’ म्हणाला तर म्हणू दे, आयुष्य काढलंय त्याच्यासंगं, आता एका पानासाठी काय रुसायचं, असं तिनं स्वतःला सकाळपासून बजावलं होतं. तरी कान त्याच्याकडंच लागले होते, ते काही ऐकत नव्हते.

“आमच्या... घरातलीच्या हातचं,” माणिकप्पा म्हणाला.

चौकात कुजबुज झाली. सिद्धरामानं मान हलवली. “नाव सांगा, माणिकप्पा. नावाचा पुकारा हाय.”

“अमरनाथच्या मायच्या.”

“नाव!”

आता त्याच्या पिढीचं हे कुणाला वेगळं सांगायला नको. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे सगळे जाणतात. पण गडीही बायकोचं नाव घेत नसे. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासाठी ‘अगं’ होती, पोरगं झाल्यावर अमरनाथची माय झाली आणि आता शिवांशची आजी. शेतातून, मागावरून, दवाखान्यातल्या खाटेवरून त्यानं तिला हजारदा बोलावलं असेल, पण नावानं एकदाही नाही. माणिकप्पा आडमुठा नव्हता. लाजत होता. या वयाचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस पालखीपुढं उभा राहून नव्या नवरदेवासारखा घामेजला होता.

“सांगा की!” पोरी ओरडल्या.

त्यानं डोळे मिटले. आणि मोठ्यानं बोलायची सवय नसलेला माणूस जसा एकदम बोलतो, तसा तो ओरडला. पलीकडच्या रानातल्या माणसाला हाक घालावी, इतक्या मोठ्यानं.

“गुरम्मा!”

देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले. बायांनी एकदम वळून बघितलं.

गुरम्माकडं या क्षणासाठी वर्षभर जमवलेलं खूप काही होतं. सिद्धरामाला काय म्हणायचं, चतुराबाईकडं कसं बघायचं, आणि ‘मदतीला’ या शब्दाचा हिशेब कसा चुकता करायचा, सगळं घोकून ठेवलेलं. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. साऱ्या सावरहाळीला बोलण्यात हरवणारी ती बाई उठून उभी राहिली, पदर डोक्यावर सारखा केला, आणि माहेरच्या अंगणात कुणी नावानं हाक मारल्यावर द्यायची, तसा तिच्या तोंडून नुसता एवढाच शब्द निघाला.

“ओ.”