होसकोट्याचे हणमोजीराव

पुण्याहून मी बंगळुरात आलो तो सरकारी कारखान्यातली नोकरी आणि स्वतःच्या मराठीचा भलामोठा अभिमान घेऊन. मल्लेश्वरममध्ये बिऱ्हाड मिळालं ते हणमोजीरावांच्या घरात. माझी ट्रंक अजून दारातच होती, तोच घरमालकांनी विचारलं, "तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच. सकाळच्या गाडीनं."

"आम्ही शहाजीराजांबरोबर," ते म्हणाले आणि ट्रंकेला वाट दिली.

नव्या मराठी माणसाला ते हेच विचारत, आणि उत्तर काहीही आलं तरी तो उशिरा आलेलाच ठरे. कोर्टातून निवृत्त झालेले हणमोजीराव, सगळ्यांचे अण्णा, मूळचे बंगळुराजवळच्या होसकोट्याचे. निवृत्तांनी जपमाळ ओढावी. हे जिल्ह्याच्या इतिहासामागे लागले होते. रविवारी मला बसमध्ये कोंबून ते आनेकल, मागडी, देवनहळ्ळी असं कुठंतरी नेत. आनेकलला किल्ला म्हणून जे दाखवलं ते मातीचं एक टेकाड होतं आणि त्यावर शेळी चरत होती.

"शेळीकडं काय बघता? स्वल्प मागं बघा."

मी मागं वळलो. मागं बसस्टँड होता.

"तिकडं नव्हे हो," अण्णा कळवळून म्हणाले, "तीनशे वर्षं मागं!"

एकदा इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ठरलेले वक्ते आलेच नाहीत, म्हणून मंडळाला अण्णांची विद्वत्ता आठवली. होसकोट्याच्या गौडानं, म्हणजे तिथल्या जुन्या पाळेगारानं, तळं कसं बांधलं ते अण्णा रंगून सांगत होते. "तेवढं मोठं केरे, सगळ्या सीमेत नव्हतं बघा..." एवढ्यात अध्यक्ष आपटेसाहेब म्हणाले, "विषय उत्तम आहे, अण्णा. आता तो मराठीतून सांगा." सभागृह हसलं. अण्णाही हसले. म्हणाले, "सांगतो की. तुम्हाला कळेपर्यंत सांगतो." सभेनंतरचे वडे पार थंडगार झाले तरी ते सांगतच होते.

पुढं साठ सालानंतर सीमेचा वाद तापला. एका संध्याकाळी अण्णांच्याच घरी मंडळाची बैठक होती. अशा प्रसंगी मराठी माणसानं छाती पुढं काढून उभं राहावं, असं आपटेसाहेब समजावत होते. तेवढ्यात खिडकीची काच फुटली. फाटकाशी तरुणांचा घोळका ओरडत होता, मराठी लोकांनी आपल्या गावी चालतं व्हावं. छाती पुढं काढलेले आपटेसाहेब कोठीघरात गहू-तांदळाच्या पोत्यांमागं दिसेनासे झाले.

अण्णा एकटेच फाटकाशी गेले. दार लावायचं धैर्यही मला झालं नाही, म्हणून सगळं ऐकू आलं. ते कानडीत म्हणाले, "सरी, जातो. माझं गाव होसकोटे. बस मिळेल ना आत्ता?"

घोळका गोंधळला. पुढचा पोरगा म्हणाला, "होसकोटे नाही! महाराष्ट्रात जा!"

"तिथं मला कोण ओळखतं? तुझं गाव कुठलं, तम्मा?"

"आनेकल."

"आनेकल कुणी वसवलं?"

पोरगा मागच्यांकडं बघू लागला.

"त्याच गौडाच्या घराण्यानं, ज्यानं आमचं होसकोटे वसवलं. आम्ही शेजारी रे! आपल्या गावाचं एवढंही माहीत नाही, आणि मला गाव सोडायला सांगतोस?"

मग अण्णांनी घसा खाकरून आनेकलच्या किल्ल्याला हात घातला. मागची पोरं एकेक करून सटकली. इतिहासापुढं भले भले टिकत नाहीत. तो पोरगा मात्र उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "अण्णा, तो किल्ला आहे कुठं?"

पुढच्या रविवारी आनेकलच्या बसमध्ये आम्ही तिघं होतो. काच नवी बसवली. आपटेसाहेबांनी मंडळाच्या अहवालात प्रसंगाचं वर्णन 'आम्ही धीरानं तोंड दिलं' असं केलं, तेही निर्दोष मराठीत.

काही वर्षांनी होसकोट्याच्या तळ्याच्या बांधावर अण्णा मला आणि त्या आनेकलच्या पोराला गौडाची हकीकत सांगत होते. एका वाक्याच्या मध्यावर थांबले आणि दगडाला टेकले. दम घेत असतील म्हणून आम्ही आदबीनं वाट पाहत बसलो. इतक्या वर्षांत बोलताना ते दम घ्यायलाही थांबले नव्हते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.