न केलेला नवस

परमेश्वर ज्याच्यावर कृपा करतो, त्याची झोप तो आधी काढून घेतो. हे वाक्य मी एका प्रवचनात ऐकलं तेव्हा प्रवचनकार महाराज स्वतः उत्तम झोप झालेले दिसत होते, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे चेन्नईत माझी झोप खरोखरच गेली, पण तिचा साधनेशी संबंध नव्हता. महिन्याभराची चार पिल्लं पहाटे साडेचारला एकदम जागी होतात, एकदम भुकेजतात आणि उरलेली सगळी कामंही एकदमच उरकतात, एवढंच त्यामागचं कारण होतं.

मी मूळची सांगलीची. गेली नऊ वर्षं इथे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासते. दोष शोधणं हाच माझा पेशा. देवाकडेही मी त्याच नजरेनं पाहत आले आणि माझ्या तपासणीत तो कधीच पास झाला नव्हता. तरी आईने दिलेलं दत्ताचं एक मोठं चित्र माझ्या घरात होतं: तीन शिरं, मागे औदुंबर आणि गाय, पायाशी चार कुत्री. ते मागच्या खोलीत लावलं होतं, कारण तिथे भिंतीला ओल आली होती आणि चित्राचा आकार ओलीच्या डागाशी बरोबर जुळत होता.

पिल्लं आली ती माझी ऑफिसातली मैत्रीण वैदेही हिच्यामुळे. टी. नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी साड्यांचं दुकान आहे, त्याच्यामागे रेशमी साड्यांच्या रिकाम्या खोक्यात ती तिला सापडली. आई गाडीखाली गेली होती. "फक्त दोन लसी होईपर्यंत, ताई. मग आपण चांगली घरं बघू," म्हणत तिने खोका माझ्या दारात ठेवला. नकार माझ्या ओठांवर होता, पण तेवढ्यात एका पिल्लाने माझा अंगठा तोंडात धरून चोखायला सुरुवात केली आणि नकार लांबला. नावं ठेवायची नाहीत, नाहीतर जीव जडतो, असं वैदेहीने बजावलं होतं. म्हणून मी त्यांच्या गळ्यात लोकरीचे धागे बांधले आणि त्यांना लाल, हिरवा, पिवळी, निळी म्हणू लागले. जीव जडायला तेवढंही पुरतं, हे तिने सांगितलं नव्हतं.

अडचण घरमालकांची होती. राव काका खाली राहतात. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले. तिथून नोकरीसाठी काका मद्रासला आले, पण त्यांची मराठी अजून तिथेच आणि तेव्हाच आहे. घर भाड्याने देताना त्यांनी दोन अटी घातल्या होत्या: मांस नको, जनावर नको. घरात कमळा काकूही होत्या, पण काका-काकूंचं बोलणं बंद होतं. सात महिन्यांपूर्वी काकांनी मोटारीला जागा करायची म्हणून काकूंचा इडलीच्या पिठाचा दगडी रगडा त्यांना न विचारता कोणाला तरी देऊन टाकला. रगडा काकूंच्या सासूबाईंचा होता. मोटार आलीच नाही, आणि काकूंचा आवाजही गेला. काका समोर असताना त्या जे काही सांगायचं ते टीव्हीला सांगत. फार महत्त्वाचं असेल तर मला.

तिसऱ्या दिवशी आवाज ऐकून काका जिना चढून वर, थेट मागच्या खोलीत आले. "बाई, हे काय हाय? जनावर नाही म्हणून मी पहिलेच सांगितलों की." वैदेहीचं घर आधीच कुत्र्या-मांजरांनी भरलेलं होतं. उरला होता तो भटक्या प्राण्यांचा एक गर्दीचा निवारा, आणि तिथे पार्वोची साथ चालू होती. हा रोग चपलांवरून, हातांवरून पसरतो आणि एवढ्या लहान पिल्लांना चार दिवसांत संपवतो. मी काही बोलणार तोच पाहिलं, की काका पिल्लांकडे पाहत नाहीत. ते भिंतीकडे पाहत होते. मग पिल्लांकडे. मग परत भिंतीकडे. आणि ओठ न हलवता मोजत होते.

"चार," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. इथे थांबता आलं असतं. "नवस आहे."

"किती दिवस?"

दुसऱ्या लशीपर्यंत जनावरांच्या डॉक्टरांनी एकोणपन्नास दिवस सांगितले होते. तमिळ देवळांच्या पाट्यांवर व्रतं अठ्ठेचाळीस दिवसांची असतात, हे मी वाचलेलं होतं. "अठ्ठेचाळीस," मी म्हटलं. काकांनी पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाच्या नावाने काही केलं होतं, आणि ती थाप होती.

थाप मारणं सोपं असतं. ती रोज सकाळ-संध्याकाळ वाजवावी लागते, तेव्हा जड जाते. काका आरतीला वर येऊ लागले. मला पहिल्या कडव्यापलीकडे येत नव्हती, म्हणून मी मोबाइलमध्ये बघून म्हणायचे आणि मेसेज आला की मध्येच अडखळायचे. काका त्याला भाव दाटून येणं समजत. दुसऱ्या गुरुवारी गल्लीतल्या आठ-दहा बायका फुलं घेऊन आल्या. कोपऱ्यावरची फुलवाली लक्ष्मी अक्का मोगऱ्याचे चार बारीक गजरे घेऊन आली. लालने त्याचा गजरा तिच्यादेखतच खाल्ला. "स्वीकारलं," अक्का तमिळमध्ये म्हणाली आणि डोळे पुसले.

मी घाबरले ते भक्तीला नाही, चपलांना. एवढे पाय, एवढे हात, आणि पिल्लांची पहिली लसही व्हायची होती. तेव्हा मी नवसाचे नियम सांगितले. चपला गेटबाहेर. वर येण्याआधी पाय साबणाने धुवायचे, हात दोनदा. पिल्लांना स्पर्श करायचा नाही. नैवेद्य आधी माझ्याकडे द्यायचा. दूध वर्ज्य, गोड वर्ज्य, वडा तर महापाप. खोलीची जमीन रोज औषधाच्या पाण्याने पुसायची. हे सगळं मी डॉक्टरांच्या कागदावरून शब्दशः घेतलं होतं, फक्त 'जंतुसंसर्ग' लिहिलं होतं तिथे 'विटाळ' म्हटलं. एका बाईनेही नियम मोडला नाही. डॉक्टर पुढे मला म्हणाले, की इतकी कडक स्वच्छता त्यांना स्वतःच्या दवाखान्यात कधी जमली नव्हती. लहानपणी आजीच्या सोवळ्याला मी पुष्कळ हसले होते. पाय धुताना प्रत्येक बाई खाली वाकून, मन लावून, कोणासाठी तरी धुते आहे हे रोज पाहताना माझं हसणं कमी होत गेलं.

पूर्ण गेलं नाही, कारण चौथ्या गुरुवारी भजन मंडळाचे अध्यक्ष आले. ते निवृत्त मुख्य अभियंता होते आणि जरीकाठी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून आणि शाल पांघरून आले होते. श्वान-तत्त्वावर त्यांनी पाऊण तास इंग्रजीत भाषण केलं. इंद्रियनिग्रह या मुद्द्यावर ते आले तेव्हा हिरव्याने त्यांच्या वेष्टीची जर दातात धरली होती, आणि निष्कर्षापर्यंत पोचले तेव्हा दोन वीत जर वेष्टीपासून अलग झाली होती. स्पर्श करायचा नाही हा नियम असल्यामुळे त्यांना हिरव्याला दूर करता येईना. त्यांनी निष्कर्ष थोडक्यात आटोपला. नवसाची मोठी फलश्रुती मला तिथे दिसली.

एक्केचाळिसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, निळी नाहीशी झाली.

मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. खोलीचं दार नीट लागलं नव्हतं, हा दोष माझाच. परत आले तर तिघंच. पलंगाखाली, कपाटामागे, बादल्यांत, सगळीकडे पाहिलं. खाली आले तर गेट उघडं, आणि बाहेर शनिवारची टी. नगरची गर्दी: बस, रिक्षा, पिशव्या घेतलेली माणसं. अडीच महिन्यांचीही न झालेली निळी त्यात किती वेळ टिकेल याचा हिशोब मला करवेना. काका बाहेर आले. मी सांगितलं, तसे ते पायरीवरच बसले.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या नवसाला मी पण माझं एक चिकटवलों हाय."

"काय चिकटवलंत?"

"तिने एकदा तोंड उघडावं म्हणून. शिवी दिली तरी चालेल. अठ्ठेचाळीस दिवस झाले की होईल म्हणून बसलों हाय. आता तीन कुत्र्यांवर कसं होणार?"

मी आजवर अनेक सदोष भाग परत पाठवले आहेत, पण माझ्याच हातून गेलेला सदोष माल एवढा जवळून कधी पाहिला नव्हता. सत्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्या थापेवर भरवसा ठेवून दिवस मोजत होता. काका काठी घेऊन डावीकडे गेले. लक्ष्मी अक्काने फुलं तशीच टाकली आणि ती उजवीकडे गेली. कोपऱ्यावरचा रिक्षावाला सेल्वम "भैरवाचं पिल्लू हरवलं" असं ओरडत रिक्षा घेऊन निघाला. मी मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आले, प्रत्येक गाडीखाली वाकून पाहिलं. शेवटी पिल्लांसाठी मागच्या खोलीत आले आणि चित्रासमोर उभी राहिले. एक्केचाळीस दिवस तिथे मी रोज दोन वेळा आरती म्हटली होती, एक डोळा मोबाइलवर आणि एक काकांवर ठेवून. आता कोणी बघत नव्हतं. आरती आठवेना. मी एवढंच म्हटलं, की माझा नवस खोटा होता, त्यांचा खरा आहे, ती सापडू दे. घड्याळाकडे न पाहता मी उभी राहिले, असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

खालून सेल्वमची हाक आली. "मॅडम! मिळालं!" मी धावत गेले. त्याच्या रिक्षात पिशवीत गुंडाळलेलं एक तपकिरी पिल्लू होतं. ते निळी नव्हतं. "धागा पडला असेल," सेल्वम म्हणाला. मी काही बोलायच्या आत लक्ष्मी अक्का फुलांच्या टोपलीत एक पिल्लू घेऊन आली. तेही निळी नव्हतं. त्याला तर अर्धी शेपूट होती. मागोमाग घामाने निथळत राव काका आले. छातीशी धरलेलं पिल्लू काळंकुळकुळीत होतं. "हेच की," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. निळी पांढरी आहे.

आम्ही चौघं अंगणात तीन परक्या पिल्लांकडे पाहत उभे होतो. तेवढ्यात खालच्या मागच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. मी लगेच आत गेले, काका माझ्यामागे. गुडघ्यांमुळे कमळा काकू दुपारभर खुर्चीतून उठत नाहीत. त्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर, नऊवारीच्या पदरात, निळी उताणी झोपली होती. पोट टम्म. शेजारी दहीभाताची रिकामी वाटी.

"दुपारपासून हिकडेच हाय," काकू म्हणाल्या.

त्या टीव्हीशी बोलत नव्हत्या. माझ्याशीही नाही. त्या सरळ काकांकडे पाहत होत्या.

"सगळी गल्ली धुंडलों," काका कसेबसे म्हणाले. "तू सांगितली का नाहीस?"

"मज कोणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी विचारता? रगडा दिलांत तेव्हा विचारलांत?" आणि मग सात महिन्यांचं सगळं त्या सलग बोलल्या. पाऊण तास. अध्यक्षांपेक्षा पुष्कळ चांगलं. काका दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते, रडत होते, आणि मधूनमधून माझ्याकडे पाहून, झालं की, अशी मान हलवत होते.

हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. दार मी उघडं टाकलं होतं, जिना खाली जातो, आणि पिल्लांना दहीभाताचा वास कळतो. पण एक्केचाळीस दिवस ज्याचा मी आव आणला, ते त्या दुपारी माझ्याशिवायच घडून गेलं. मी फक्त बाजूला उभी होते. पुढच्या आठवड्यात मी काकांना खरं सांगून टाकलं, की नवस वगैरे काही नव्हता. "मज सांगितलांत ते बेस," ते म्हणाले. "वर देवापुढे कुठे बोलू नका."

दुसरी लस झाली. लाल आवडी या उपनगरातल्या क्वार्टर्समधल्या एका कुटुंबाकडे गेला, हिरवा सिरुसेरीच्या एका नवरा-बायकोकडे. पिवळी लक्ष्मी अक्काने नेली. प्रत्येक घर मी माझ्या पेशाला साजेशा बारकाईने तपासलं, तरी दार बंद झाल्यावर आत काय होणार हे तपासता येत नाही. तिथे हात सोडावाच लागतो. शरणागती म्हणजे काय हे मी ग्रंथांतून पुष्कळ वाचलं होतं. गळ्यातला लोकरीचा धागा सोडून ठेवून घेताना ते बोटांना कळलं. ज्याने माझी थाप खपवून घेतली, त्याचे मी आता रोज आभार मानते. पूर्ण आरती पाठ झाली आहे, मोबाइल लागत नाही.

निळी खाली काकूंकडे राहिली. काकू तिच्याशी बोलतात, आणि तिच्यासमोर काकांशीही. त्या दुपारची तिन्ही परकी पिल्लं माझ्याकडेच आहेत. त्यांची पहिली लस मंगळवारी आहे. परवा आरती झाल्यावर काका चित्रापुढे बराच वेळ उभे होते. मला वाटलं, चौथं कुत्रं कमी आहे म्हणून मोजताहेत. पण ते चित्रातल्या गाईकडे पाहत होते. रगडा काढल्यापासून खालची मोटारीची जागा रिकामीच आहे.