रखमाजीच्या गाडीचा सूर

टेंभुर्णीच्या फाट्यावर धुळाजीचं पत्र्याचं गॅरेज आहे. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस. कळपातली कोणती मेंढी लंगडते हे त्याच्या बापाला खुरांच्या आवाजावरून कळायचं. धुळाजीला ट्रकचं दुखणं चाकांच्या आवाजावरून कळतं, एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी सत्यशीला गॅरेजवर चालत आली. धुळाजीच्या जिवाभावाच्या दोस्ताची, रखमाजीची बायको. रखमाजी जाऊन वर्ष उलटलं नव्हतं. त्याचा जुना ट्रक आता बबलू नावाचा पगारी ड्रायव्हर चालवायचा आणि त्यावरच घर तगून होतं.

"भाऊजी, गाडीचा तो आवाज काढून टाका," ती म्हणाली.

"कोन्ता आवाज?" धुळाजीनं विचारलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

"मागचा. नाल्यापासून गाडी वाजाय लागली का आत्याबाई उठत्यात. चुलीवर पाणी ठिवत्यात, दारात जाऊन हुभ्या ऱ्हात्यात. अजून लेकाची वाट पाहून राह्यल्या. समदी गल्ली म्हन्ती, जयवंताबाईच्या डोस्क्यावर परिणाम झाला. मला बघवत न्हाई हो."

धुळाजी बराच वेळ पान्याला फडकं घासत राहिला.

तो आवाज त्याच्याच हातचा होता. ऐन कापसाच्या हंगामात, गाडी भरलेली असताना, मागच्या धुऱ्यातला पिनियन तुटला होता. मोठं दातेरी चाक क्राऊन, त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक पिनियन. दोन्ही एकाच जोडीचे लागतात, एक गेला की दुसराही बदलायचा. पण नवी जोडी मिळेना. भंगारातल्या गाडीचा नुसता पिनियन हाती लागला.

"दुसऱ्या घरचा हाय, नांदायचा न्हाई," धुळाजी तेव्हा म्हणाला होता.

"नांदंल की! आपल्या बायका दुसऱ्या घरच्याच न्हाईत का?" रखमाजी हसला होता. "जल्दी बसव. वाजला तर वाजू दे."

तो नांदला, पण गात गात नांदला. चढावर गाडी अशी लांब, बारीक सुरात वाजायची की बांधावरची माणसं मान वर न करता म्हणायची, रखमा आला. पुढं नवी जोडी मिळत होती तेव्हा रखमाजीच नको म्हणाला. "ऱ्हाऊ दे गड्या. मायीला नाल्यापासून कळतं. म्या उतरेपोस्तर पाणी तापतं."

आता सत्यशीलेच्या सांगण्यावरून धुळाजीनं गाडी ठोकळ्यांवर घेतली. तेल सोडलं, गंधकासारखा त्याचा जळका वास सगळ्या पत्र्याखाली भरला. दोन्ही बाजूंचे शाफ्ट ओढून काढले, नट ढिले केले आणि धुऱ्याच्या पोटातला तो जड गोळा साखळीवर अलगद खाली उतरवला. मुलाला पाळण्यातून काढावं तसा. उजेडात धरल्यावर दिसलं, जुन्या पिनियनचा एक दात मुळापासून तडकला होता. कधी निखळला असता आणि चाकं जाम झाली असती, नेम नव्हता.

नवी जोडी त्यानं पुसून घेतली. शेंदूर तेलात कालवला. पहिलं बोट दारातल्या म्हसोबाला, मग दातांना, ही त्याची रीत. शेंदूर लावून चाक फिरवायचं आणि दात दाताला कुठं भेटतो ते बघायचं. भेट कडेला पडली तर पिनियनमागं पातळ चकती घालायची नाहीतर काढायची. चार वेळा खोलून पाचव्यांदा शेंदूर दाताच्या बराबर मधोमध उतरला. इतकं सुबक काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. आणि धुळाजीला वाटलं, आपण आत्ता रखमाजीला दुसऱ्यांदा पोचवून आलो.

गाडी गेली. चढावर सुद्धा वाजली नाही.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी तो रखमाजीच्या घरी गेला. रखमाजीची आई जयवंताबाई ओसरीवर बसल्या होत्या. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, पण तेलाच्या वासानं त्यांनी ओळखलं.

"धुळाजी, आवाज तू काढलास व्हय?"

"व्हय मावशी. वहिनीला वाटलं, तुमी रखमाची वाट पाहून राह्यल्या."

म्हातारी म्हणाली, "त्याला शेवटची आंघूळ घालताना पाय म्या धुतले. येडी हाय का म्या, तो येईल म्हनायला? गाडी वाजली का वाटायचं, त्याचं कायतरी अजून चालू हाय. हात आपसूक चुलीकडं जायाचे. तेवढंच व्हतं रे माझं. आवाज काढायच्या आधी मला इचारायचं तरी."

दारात सत्यशीला उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला.

"जुनं ठिवलंस का?" म्हातारीनं विचारलं.

"हाय, बाकड्याखाली."

"परत बसंल?"

बसवता आला असता. घाटात चाकं जाम होईपर्यंत वाजलाही असता. धुळाजीच्या घशाशी आलेलं 'हो' त्यानं गिळलं. "न्हाई मावशी. दात गेलाय त्याचा. बबलूच्या जिवावर बेतंल."

म्हातारीनं मान हलवली. "मंग नगं. त्यालाबी माय आसंल."

ती नाल्याकडं कान लावून बसली. धुळाजीही बसला. रस्त्यावरून एकामागून एक गाड्या जात होत्या, सगळ्या एकसारख्याच वाजत.

"आजी, हात धुवायला पाणी द्या की," समोरून कुणीतरी म्हणालं.

जयवंताबाई दचकल्या. बबलू अंगणात उभा होता, आणि त्याच्या मागं ट्रक.

"अगं बाई," त्या उठता उठता म्हणाल्या, "कव्हा आली गाडी?"

चुलीत जाळ नव्हता. त्यांनी चाचपडत रांजण गाठला आणि गार पाण्याचा तांब्या भरला.