लोहाची बाटली

सकाळचे नऊ वाजले आणि गोळ्यांची बाटली जागेवर नव्हती. मला आठवा महिना चालू होता.

मला एचआयव्ही आहे. पहिल्या नवऱ्याकडून आला. तो त्यातच गेला. आताच्या नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. सासूबाईंना मात्र सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. रोज नऊला एक गोळी घ्यायचे. त्यामुळे रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला होता. तो तसाच राहिला तर बाळाला धोका फारच कमी, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी एकोणचाळीसची होते. पुन्हा दिवस राहतील अशी आशा नव्हती.

माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून सासूबाईच कराडहून इतक्या लांब, हिंदी मुलखातल्या आमच्या विद्याधर नगरच्या फ्लॅटवर आल्या. त्या यायच्या आदल्या दिवशी मी गोळ्या दुसऱ्या बाटलीत भरल्या आणि वर ‘लोह’ असं लिहिलं. फार हुशारी केली, असं तेव्हा वाटलं.

“आई, माझी बाटली कुठंय?”

त्या मेथी निवडत होत्या. “ठेवली उचलून. आता लोह बंद. पोर अंगानं मोठं होतं, मग डॉक्टर पोट फाडायला मोकळे.”

“डॉक्टरांनीच दिल्यात.”

“त्यांचं काय जातंय? मी तीन बाळंतपणं काढली घरात. एक गोळी नाही खाल्ली.”

“आई, द्या बघू.”

“नाही देत.”

मी रव्याचा, पोह्यांचा, बेसनाचा डबा उघडून पाहिला. खालच्या कप्प्यापर्यंत वाकता येत नव्हतं. नवऱ्याचा फोन बंद, मीटिंगमध्ये असणार. साडेनऊ झाले. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. चार वाक्यांत झालं.

त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली. “माझ्या पोराला पण?”

“नाही. त्यांची तपासणी करत असतो.”

“आणि ह्याला?” त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

“गोळ्या चुकल्या नाहीत तर बहुतेक नाही.”

त्या उठल्या. बॅगेतल्या लुगड्यांखालून बाटली काढली, माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. मी गोळी गिळली.

पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर गेला. मला बाटली परत मिळाली होती, तेवढं पुरे होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मीही येते म्हणाल्या. तिथल्या समुपदेशक बाईंना त्यांनी आपल्या हिंदीत विचारलं, “मॅडमजी, बच्चे को मैं नहलाएगी तो चलेगा ना?”

“नहलाइए, मालिश भी कीजिए,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नऊला बाटली आणि पाण्याचा पेला टेबलावर तयार होता.

मुलगी झाली. पहिले सहा आठवडे तिला रोज औषध पाजायचं होतं. ते त्यांनीच पाजलं, घड्याळ लावून. मग तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. तो निगेटिव्ह आला. दीड वर्षानंतरची शेवटची तपासणीही निगेटिव्ह.

पहिल्या रिपोर्टच्या दिवशी मी हसत होते, तर सासूबाई म्हणाल्या, “आधी बाटलीवरचं ते लोह खोड. उद्या आणखी कुणीतरी शहाणं उचलून ठेवेल.”