मासे येईनात

डोंबिवली पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. तो चालवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले, आणि मी त्यांच्याकडे नुकतीच शिकवायला लागलेले. गृहिणींची बॅच काढायची म्हणून एका रविवारी त्यांनी आजूबाजूच्या बायकांना बोलावलं.

"आधी स्क्रीन सेव्हर दाखव," सर मला म्हणाले. "कोणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप मासे पोहायला लागतात. बघून भीती जाईल त्यांची."

मी वेळ एका मिनिटावर ठेवली आणि माउस धरून बसले. सगळ्या पडद्याकडे बघत होत्या. मासे येईनात.

"येतील हं," मी म्हटलं. पुन्हा सेटिंग उघडलं. मासे निवडलेले होते, वेळ बरोबर होती. प्रिव्ह्यूचं बटण दाबलं की लगेच दिसायचे. आपोआप मात्र काही केल्या नाही. मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले.

पुढच्या खुर्चीतल्या काकू हळूच म्हणाल्या, "अगं, तुझा हात कापतोय."

खरंच कापत होता. माउस जरासा हलला तरी कॉम्प्युटरला वाटतं, माणूस काम करतोय. सराव करताना मी हात मांडीवर ठेवायचे. आज भीतीने माउस सोडलाच नव्हता.

"टेबल हलतंय," मी मोठ्याने म्हणाले.

सर लगेच उठले. गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि वर्तमानपत्राची घडी टेबलाच्या पायाखाली सारू लागले. एवढ्या बायकांसमोर. मी हात मांडीवर घेतला.

मासे आले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, सर धूळ झटकत हसले. काकूंनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. त्यांनीही बॅचला नाव घातलं. पुढे बॅच संपेपर्यंत त्या पहिल्या रांगेत बसल्या, पण त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सर सुताराला घेऊन आले.

"सर, टेबल चांगलंय हो."

"असू दे गं. तुझी परत पंचाईत नको."

खरं काय ते सांगायचं सोडून मी टेबलावरच्या वायरी काढू लागले. सुताराने टेबल उचललं. जिना अरुंद होता, म्हणून दुसरी बाजू मी धरली.