व्हायोलिनच्या आधीचा आवाज

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक वेगळं राहिलं आणि गणपती जवळ आले की ते आठवतंच. तुम्ही दोघं फोनवर विचारता, "आजी, तू पोलिसात असताना चोर कसे पकडायचीस?" म्हणून लिहून ठेवते. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही. ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

तेव्हा मी दादर भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होते. इंटरनेट घरांत नुकतं येऊ लागलं होतं, तेही टेलिफोनच्या तारेतून. नेट लावलं की फोन बंद. एक गाणं उतरवायला एवढा वेळ लागे की तेवढ्यात कुकर लावून भाजी चिरून व्हायची. तरी लोक उतरवत. एकमेकांच्या कॉम्प्युटरमधून गाणी घेण्याचे प्रोग्राम निघाले होते, आणि ते वापरणाऱ्यांना आपण चोरी करतो आहोत असं मुळीच वाटत नसे. शेजारून विरजण आणावं, तसं वाटे.

श्रावणात एका कॅसेट कंपनीचे वकील फिर्याद घेऊन आले. गणपतीच्या गाण्यांची त्यांची नवी कॅसेट अजून बाजारात यायची होती, पण तीच गाणी दादरच्या फुटपाथवर सीडीवर विकली जात होती. खबऱ्याने नेमकी जागा सांगितली. साध्या वेशात गेलो, दोन पंचांसमोर माल ताब्यात घेतला. विक्रेत्याने फार ताणलं नाही. असे लोक पहिल्या चहाला सगळं नाकारतात आणि दुसऱ्या चहाला नाव सांगतात. याने लालबागमधला एक सायबर कॅफे सांगितला.

कॅफेचा मालक चाळिशीतला, गोड बोलणारा गृहस्थ. मागच्या खोलीत कोऱ्या सीडींचे ढीग लागले होते.

"गाणी कुठून आली?" मी विचारलं.

"नेटवरून, मॅडम."

"नेट म्हणजे कोण?"

"नेट म्हणजे... सगळेच. कोणीतरी ठेवतं, आपण घेतो. देवाची गाणी आहेत हो."

"मग देवळात फुकट वाटायची होतीस. विकतोस कशाला?" माझे हवालदार म्हणाले. हे हवालदार मालवणकडचे, निवृत्तीला टेकलेले. बोलता बोलता ते मोठ्या निष्ठेने मॉनिटरला लाखेचं सील लावायला निघाले होते. मी थांबवलं आणि खालचा डबा दाखवला.

"गाणी ह्याच्यात नसतात?"

"नाही. ह्याच्यावर फक्त दिसतं."

"म्हणजे ह्यो नुसतो शोभेचो," ते म्हणाले आणि सील घेऊन खाली बसले.

कॅफेवाल्यावर गुन्हा शाबीत करणं सोपं होतं. पण त्याच्या आधी ती गाणी नेटवर ठेवणारा कोण, हे त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि कंपनीला तोच हवा होता. नेट पुरवणाऱ्यांना आम्ही पत्र दिलं. उत्तर विसर्जनाच्या आधी येईल असं वाटत नव्हतं.

मधल्या काळात एक काम माझ्याकडे होतं. पकडलेली सीडी आणि कंपनीची मूळ प्रत एकच आहे, हे ऐकून नोंदवायचं होतं. ठाण्यात सीडीही वाजेल असा टेपरेकॉर्डर मागवला आणि हवालदारांना घेऊन दार लावून बसले. पहिल्याच गाण्यात दोन कडव्यांमध्ये व्हायोलिनचा एक तुकडा होता. छोटासाच, पण मी लिहायची थांबले. आणि सीडीवर त्या तुकड्याच्या जरा आधी कोणीतरी हळूच बोललं होतं, "आता आयक."

मूळ प्रतीत हा आवाज नव्हता. म्हणजे कोणीतरी टेपरेकॉर्डरसमोर माइक ठेवून गाणं भरलं होतं, आणि खोलीतला माणूसही त्यात भरला गेला होता.

"आयक म्हणतोय. आमच्यातलोच कोणतरी," हवालदार म्हणाले. त्यांना थोडं वाईट वाटलं.

मला शब्दापेक्षा जागा विचित्र वाटली. गाणं आवडलं तर माणूस नंतर 'वा' म्हणतो. हा आधी बोलत होता. गाणं बाजारात आलेलंच नाही, मग पुढे काय येणार हे याला कसं माहीत? आणि चोरी करणारा गप्प राहतो. हा कोणाला तरी शेजारी बसवून ऐकवत होता. आम्ही इतके दिवस 'कोणी केलं' एवढंच विचारत होतो. त्या दुपारी मी पहिल्यांदा विचारलं, कोणासाठी केलं?

स्टुडिओतल्या संगीत संयोजकांना फोन केला. व्हायोलिनचा तो पीस कोणी वाजवला?

"आमचे माझगावचे अंकल," ते म्हणाले. "आता कीबोर्डवरच भागतं, मॅडम, पण हा एक पीस त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. खूश झाले. एक कॅसेट मागून घेतली."

माझगावला डॉकच्या बाजूला जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची घरं आहेत. ही मुंबईची मूळची माणसं, घरची बोली मराठीच. अंकलनी दार उघडलं. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, हनुवटीखाली व्हायोलिन टेकवण्याचा कायमचा डाग. त्यांची मुलगी एका कार्यालयात कामाला होती, रजा म्हणून घरी होती. कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्याच्यावर क्रोशाने विणलेलं पांढरं कव्हर.

मी ओळख सांगितली आणि त्यांच्याच कॉम्प्युटरवर ती सीडी लावायला सांगितली. 'आता आयक' आल्यावर ते खुर्चीत ताठ बसले.

"हा तर मी," ते म्हणाले. "ही कुठं मिळाली?"

"दादरच्या फुटपाथवर."

"दादरला कशी पोचली? माज्या पोराला अजून नाय मिळाली."

मुलगा परदेशात होता. वडिलांच्या वाजवण्यात पोट भरत नाही, असं भांडून गेलेला, पुढे फोनवर गोडी झालेली. त्यानेच बहिणीला सांगितलं होतं, हा प्रोग्राम टाक, त्याच्या फोल्डरमध्ये गाणं ठेव, मी इथून ओढून घेतो. तिने ते ठेवलं, आणि सोबत कॅसेटमधली बाकीची गाणीही.

"तो फोल्डर सगळ्यांना उघडा असतो," मी म्हटलं.

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्या जगाला."

तिने वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जगाला मिळालं, मॅडम. त्याला प्रत्येक वेळी अर्धंच मिळतं. व्हायोलिन यायच्या आधी लाइन कट होते."

कॉम्प्युटर ताब्यात घेणं भाग होतं. ती म्हणाली, "एकदा पूर्ण पाठवू द्या, मग न्या. डॅडींचा हा शेवटचा पीस आहे."

मी नाही म्हटलं. ज्या कृत्याचा तपास करायला आले, तेच माझ्यासमोर पुन्हा होऊ देता येत नव्हतं. हे बरोबरच होतं, आणि आजही तेच करीन. पण अंकल उठले, स्वतःच्या हाताने ते कव्हर काढून घडी घालू लागले, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं.

"कव्हर मुद्देमालात घ्यायचा, मॅडम?" हवालदारांनी विचारलं.

"कव्हर घरी राहू दे."

वकिलांना अटक हवी होती. "एक म्हातारा व्हायोलिनवाला पेपरात आला, तर बाकीचे आपोआप घाबरतील," ते म्हणाले. मी त्यांना समजावलं की कायद्यात गुन्ह्यासाठी 'जाणूनबुजून' असा शब्द आहे, आणि त्यांच्यासमोर 'आता आयक' तेवढाच भाग वाजवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग अटकेचा विषय त्यांनी काढला नाही. अंकल आणि त्यांची मुलगी साक्षीदार झाले. दोषारोपपत्र गेलं ते कॅफेवाल्यावर आणि विक्रेत्यावर.

पुढे कोर्टाच्या आदेशाने कॉम्प्युटर परत द्यायचा होता. मुलगी सही करायला ठाण्यात आली. मी विचारू की नको, अशा विचारात होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "मॅडम, त्याला मिळालं."

"कसं?"

"त्याच्या इमारतीत मराठी लोकांचा गणपती बसला होता. तो जेवायला गेला. कोणीतरी नेटवरची गाणी लावली होती. हातात ताट, आणि मागून डॅडींचा आवाज, आता आयक."

"मग?"

"रात्री फोन केला. डॅडींनी पहिलं विचारलं, पीस कसा वाटला? तर म्हणतो, पीस नाय ऐकला, डॅडी. तुमचा आवाज आला आणि मी ताट ठेवून बाहेर गेलो." ती हसली आणि डोळे पुसले. "डॅडी अजून चिडतात. एवढा सांगितला आता आयक, आणि गाढव नेमका तवाच उठला."

हवालदारांनी तिचा कॉम्प्युटर स्वतः टॅक्सीत नेऊन ठेवला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं, ते पुढे खुनाच्या तपासातही उपयोगी पडलं. माणूस काय करतो हे पुराव्यातून कळतं, पण तो कोणाकडे तोंड करून ते करतो, हे कळल्याशिवाय तो सापडत नाही.

ती कंपनी आता नाही, अंकलही नाहीत. मूळ कॅसेट मी पुष्कळ शोधली, कुठे मिळाली नाही. गेल्या गणपतीत तुमच्या आईने एक लिंक पाठवली. तेच गाणं होतं, आणि जगात उरलेली प्रत नेमकी ती चोरीची होती. परळच्या या घरात मी ती एकटीने ऐकली. गाणं चांगलं आहे, पण मला शेजारी कोणीतरी हवं होतं.

लिंक मी तुम्हाला पाठवणार नाही. पोलिसातली माणसं अशा गोष्टी पुढे पाठवत नाहीत. तुम्ही इकडे याल तेव्हा कानातले इअरफोन काढून ठेवा, माझ्याजवळ बसा, मी लावते. पहिलं कडवं संपल्यावर एक म्हातारा माणूस हळूच बोलेल. तेव्हा कोणी उठायचं नाही.